लिओ वराडकर पक्षाच्या सदस्यांमध्ये हरला होता, मग नेता कसा झाला? आयर्लंडचा हा हिशोब कोणी समजावेल का

निख्या_कुडाळ

नमस्कार मंडळी, विषय जरा लांबचा आहे पण इथे कोणी आयर्लंडला राहणारं असेल किंवा तिथलं राजकारण फॉलो करणारं असेल तर प्लीज मदत करा. झालं असं की गणपतीत सगळी भावकी जमली होती, आरती झाल्यावर गप्पा कुठून कुठे जात जात लिओ वराडकरवर आल्या. आमच्या काकांनी जून २०१७ चं पेपरचं कात्रण अजून जपून ठेवलंय, लॅमिनेट करून, मालवण तालुक्यातल्या वराडचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान वगैरे. (मूळचे वराडचे ते वडील, डॉक्टर अशोक वराडकर. लिओ जन्मला डब्लिनला, १९७९ ला, आई आयरिश. हे मला माहितीये, त्यावरून भांडू नका.)

तर माझा आतेभाऊ, ज्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते, तो म्हणाला की अरे त्याच्या पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यांनी त्याला मत दिलंच नव्हतं, समोरच्याला जवळजवळ दुप्पट मतं होती, वरच्या लोकांनी याला बसवला. काका असे भडकले की ताटातला मोदक तसाच राहिला.

रात्री मी शोधलं तर आतेभाऊ बरोबर निघाला हो. फिन गेल पक्षाच्या सदस्यांची मतं, सायमन कोव्हनी ७,०५१ आणि लिओ ३,७७२. म्हणजे ६५ विरुद्ध ३५ टक्के. आणि खाली निकाल काय लिहिलाय तर लिओ वराडकर ६० टक्के मतांनी विजयी!! हे कसलं गणित आहे? आणि दुसरं म्हणजे २०२४ ला लिओने राजीनामा दिला तेव्हा तर सायमन हॅरिस मतदान न होताच नेता झाला असं वाचलं. मग तिथे पक्षाचा नेता निवडतं कोण नक्की? काकांना काय सांगू ते सांगा, दिवाळीला परत सगळे जमणार आहेत.

पेणचा_पाहुणा

हायकमांड सगळीकडे सारखंच रे भावा. काकांना सांग मोदक खाऊन घ्या.

डब्लिनची_वैशाली

हायकमांड नाहीये हो हे, उलट नियम आधीपासून कागदावर होते आणि सगळ्यांना माहीत होते. मी २०१३ पासून इथे आहे, २०१७ चा तो सगळा तमाशा जवळून बघितलाय, आमच्या ऑफिसात एक कॉर्कचा वयस्कर सहकारी आहे तो फिन गेलचा जुना सदस्य, त्याच्यामुळे रोज लंचला तेच चालायचं. लांबलचक लिहिते, सहन करा.

आधी एक गोष्ट, कारण निखिल तुझ्या पोस्टमध्ये पण थोडी सरमिसळ झालीये. पक्षाचा नेता होणं आणि पंतप्रधान होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. इथे पंतप्रधानाला टीशक म्हणतात (स्पेलिंग बघून वाचायला गेलात तर जिभेला गाठ पडेल, टी-शक असं म्हणायचं). नेता पक्ष निवडतो, पण टीशक व्हायला डॉइलमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, मतदान होतं आणि मग राष्ट्रपती नेमतात. लिओ पक्षाचा नेता झाला २ जून २०१७ ला आणि टीशक झाला १४ जूनला, ५७ विरुद्ध ५० मतांनी, आणि ४७ जण तटस्थ! म्हणजे तटस्थ राहणारे जवळपास विरोधकांएवढे. कारण २०१६ च्या निवडणुकीत फिन गेलचे फक्त ५० आले होते १५८ मधून, आणि फिआना फॉइल नावाचा जो त्यांचा पिढीजात प्रतिस्पर्धी त्याने बाहेरून सांभाळून घ्यायचा करार केला होता, सरकारात येणार नाही पण पाडणार पण नाही. त्यामुळे ते हात वर न करता बसले.

आता पक्षातली निवडणूक. एंडा केनी २००२ पासून नेता आणि २०११ पासून टीशक होता, त्याने १७ मे २०१७ ला सांगितलं की मी जातो. याआधी फिन गेलचा नेता फक्त त्यांचे खासदार बंद खोलीत निवडायचे, कार्यकर्त्याला काही विचारत नसत. या वेळी पहिल्यांदाच नवीन पद्धत वापरली, त्यात तीन गट होते. संसदेतला पक्ष, म्हणजे टीडी (हे आपले लोकसभेचे खासदार समजा), वरच्या सभागृहाचे सेनेटर आणि युरोपियन पार्लमेंटचे, असे मिळून ७३ जण, त्यांच्या मतांना ६५ टक्के वजन. साधे सदस्य सगळे मिळून वीस एक हजार, त्यांना २५ टक्के. आणि नगरसेवक, इथे कौन्सिलर म्हणतात, त्यांना १० टक्के.

मग लिओने काय केलं तर सरळ ६५ टक्क्यांवर धाड घातली. केनीने जाहीर केलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकेक मंत्री एकेक टीडी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगायला लागले की आमचा लिओला पाठिंबा, आणि हे असं टप्प्याटप्प्याने की सकाळी दोन दुपारी तीन संध्याकाळच्या बातम्यांना अजून दोन, बघणाऱ्याला वाटावं धरणाचं दारच उघडलंय. दोन-तीन दिवसांत ७३ पैकी निम्म्याहून जास्त जाहीरपणे त्याच्याकडे. महिनोन्महिने आधी फोन, चहा, मतदारसंघात चक्कर, हे सगळं करून ठेवलेलं त्याशिवाय असं होत नाही. आणि प्रत्येक टीडीच्या डोक्यात एक गोष्ट असतेच की उद्या मंत्री कोण नेमणार आहे, जो जिंकणार तोच ना.

कोव्हनीच्या लोकांचे चेहरे पडले होते पण तो हटला नाही. त्यानंतर चार सभा झाल्या, हस्टिंग्ज, डब्लिन, कार्लो, बॅलिनास्लो आणि शेवटची कॉर्कला जे कोव्हनीचं घरच. (त्याचे वडील पण मंत्री होते, ते गेल्यावर १९९८ च्या पोटनिवडणुकीत हा आला.) तिथे दोघं समोरासमोर बोलले आणि सदस्यांना कोव्हनी भावला. त्याचं म्हणणं साधारण असं की पक्ष सगळ्यांचा हवा, गरिबाचा पण. लिओचं म्हणणं जे लोक सकाळी लवकर उठून कामाला जातात, टॅक्स भरतात त्यांचा पक्ष. लिओचं हे वाक्य इथे अजून चिकटलंय त्याला, आमच्या ऑफिसात कोणी उशिरा आलं की अजून कोणीतरी म्हणतंच की तू लिओचा मतदार नाहीस.

पण सभा सुरू होईपर्यंत खासदार आपला शब्द देऊन बसले होते. निकाल असा, खासदार ५१–२२ लिओकडे, कौन्सिलर १२३–१०० लिओकडे, आणि सदस्य तू लिहिलेस तसे कोव्हनीकडे. आमचा तो कॉर्कवाला निकालानंतर सोमवारी आला तो गप्प, मी विचारलं काय झालं, तर म्हणाला मॅच आम्ही जिंकली पण कप त्यांनी नेला.

गणिताचा_मास्तर

वैशालीताईंनी आकडे दिलेत तर हिशोब मांडून टाकतो, रिटायर माणूस आहे वेळच वेळ आहे.

लिओ: ५१ भागिले ७३ गुणिले ६५ = ४५.४. कौन्सिलर १२३ भागिले २२३ गुणिले १० = ५.५. सदस्य ३,७७२ भागिले १०,८२३ गुणिले २५ = ८.७. बेरीज ५९.६, म्हणून पेपरात ६० टक्के. आला ना ताळा?

आता मजा बघा. एका खासदाराचं मत म्हणजे ६५ भागिले ७३, पाऊण टक्क्याच्या वर, जवळजवळ ०.८९. एका सदस्याचं मत म्हणजे २५ भागिले १०,८२३. भागाकार करा, एक खासदार म्हणजे साधारण ३८५ सदस्य!

अजून पुढे. समजा सदस्य आणि कौन्सिलर जसे होते तसेच राहिले, तर कोव्हनीला जिंकायला ३३ खासदार पुरले असते. होते २२. म्हणजे ११ माणसं. अकरा माणसं इकडची तिकडे झाली असती तर वराडला फटाके वाजले नसते.

निख्या_कुडाळ

मास्तर ३८५??? म्हणजे एका टीडीचं मत म्हणजे आमच्या अख्ख्या वाडीचं मतदान. थँक्यू, पण हे वाचून आतेभाऊ अजून चढेल हो, त्याचंच खरं झालं की मग, वरच्यांनी बसवला.

लाल_सलाम_लातूर

आतेभाऊ बरोबरच आहे. नेता पक्षाचा ना? मग पक्ष म्हणजे कोण, जो माणूस वर्गणी भरतो, पावसात दारोदार फिरून पत्रकं वाटतो तोच. त्याचं मत ३८५ पट स्वस्त करून ठेवायचं आणि वर म्हणायचं आम्ही सदस्यांना अधिकार दिला. त्यापेक्षा आयर्लंडच्याच लेबर पार्टीचं बघा, एक सदस्य एक मत, खासदारालाही एकच आणि शाखेतल्या म्हातारीलाही एकच. ग्रीन पार्टीत पण तसंच. २०२० ला ग्रीनमध्ये एमन रायन विरुद्ध कॅथरिन मार्टिन झालं, ९९४ विरुद्ध ९४६, फक्त ४८ मतांनी रायन वाचला. तिथे प्रत्येक मताला किंमत होती. याला म्हणायचं निवडणूक.

गणिताचा_मास्तर

लातूरकर, तुमचा मुद्दा मान्य, पण एक गंमत. फिआना फॉइलने जो नियम केला त्यात सदस्यांना ४५ टक्के, टीडींना ४० आणि सेनेटर कौन्सिलर वगैरे बाकीच्यांना १५. सदस्यांना सगळ्यात जास्त वजन. मी २०१७ चे फिन गेलचे आकडे त्या साच्यात घालून बघितले (अगदी काटेकोर नाही, कारण ७३ मध्ये सेनेटर पण होते, तरी अंदाज म्हणून). लिओ ५१.९. तरी तोच निवडून येतो! फक्त काकांच्या छातीत धडधड झाली असती.

डब्लिनची_वैशाली

हाहा मास्तर हे मी माझ्या कॉर्कवाल्याला सांगणार आहे उद्या, त्याचा अजून एक आठवडा वाईट जाईल.

लातूरकर दादा, लेबरचं उदाहरण दिलंत पण ते अर्धवट दिलंत. एक सदस्य एक मत हे खरं, पण उमेदवार व्हायला आधी संसदेतल्या सहकाऱ्यांपैकी कोणीतरी तुमच्या नावाला अनुमोदन द्यायला लागतं. २०१६ मध्ये लेबरचं पानिपत झालं, २०११ ला ३७ टीडी होते ते ७ वर आले. नेत्या जोन बर्टन पायउतार झाल्या. ॲलन केलीला नेता व्हायचं होतं, निवडणूक व्हावी सदस्यांनी ठरवावं असं त्याचं म्हणणं. पण त्याला अनुमोदन द्यायला सात टीडी आणि मूठभर सेनेटर यातला एकही माणूस उभा राहिला नाही. एकही! मग ब्रेंडन हाउलिन बिनविरोध. हजारो सदस्यांच्या हातात मतदानाचा हक्क होता, आणि दार आतून बंद.

आणि गोष्ट इथे संपत नाही. २०२० ला केली परत उभा राहिला, या वेळी निवडणूक झाली, ५५–४५ ने जिंकला, सदस्यांनी निवडून दिला. दोन वर्षं पण झाली नाहीत तोवर मार्च २०२२ मध्ये संसदेतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं आमचा तुझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि तो गेला. तेव्हा आयव्हाना बेसिक आली, तीही बिनविरोध. सांगायचं एवढंच की सदस्यांनी कितीही प्रेमाने निवडला तरी तो रोज ज्यांच्यात बसतो ते त्याला नको असतील तर तो टिकत नाही. फिन गेलवाल्यांनी हे आधीच ओळखून ६५ टक्के तिथे ठेवले असं मला वाटतं. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा, मला स्वतःला ६५ जरा जास्तच वाटतात, पन्नास असते तर चाललं असतं.

जुना_वाचक_गिरगाव

केलीवरून आठवलं म्हणून लिहितो, खासदारांच्या हातात सगळं दिलं की सगळं आलबेल असंही नाही, जुन्या फिआना फॉइलचा इतिहास बघा. १९७९ च्या डिसेंबरात जॅक लिंचने ५ तारखेला राजीनामा दिला आणि ७ तारखेला नवीन नेता. दोन दिवस! मतदार फक्त टीडी. एका बाजूला जॉर्ज कॉली, ज्याच्याकडे जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ. दुसरीकडे चार्ल्स हॉही, ज्याच्याकडे मागच्या बाकावरचे, ज्यांना कोणी विचारत नव्हतं असे. कॉलीच्या लोकांना वाटलं मंत्री आपल्याकडे म्हणजे झालं. गुप्त मतदान झालं, हॉही ४४, कॉली ३८. मागच्या बाकावरच्यांनी गेम केला.

आणि मग त्या हॉहीला काढायचे प्रयत्न सुरू झाले. तिथे याला ‘हीव्ह’ म्हणतात, म्हणजे खांद्याने धक्का देऊन ढकलायचं, आपल्याकडे बंड म्हणू तसं. ऑक्टोबर १९८२ मध्ये मतदान उघड घेतलं, एकेकाचं नाव पुकारून. हॉहीसमोर उभं राहून विरोधात बोलायची हिंमत २२ जणांनी केली, ५८ त्याच्या बाजूने. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८३ ला परत, पण या वेळी गुप्त. ४० विरुद्ध ३३. पडता पडता वाचला. माणसं बहुतेक तीच, फक्त चिठ्ठी झाकलेली होती की उघडी एवढाच फरक.

म्हणून २०१७ च्या त्या जाहीर पाठिंब्याच्या लाटेबद्दल मला कुतूहल होतं की एवढे जण कॅमेऱ्यासमोर हो म्हणाले आणि चिठ्ठीत काय लिहितील. पण ५१ आले, म्हणजे शब्द पाळला म्हणायचं.

लाल_सलाम_लातूर

हे उघड मतदानाचं भारी आहे. आपल्या ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव येतो तेव्हा हात वर करून की चिठ्ठीने यावरच निम्मी भांडणं होतात, सदस्य सहलीला वगैरे पाठवतात ते वेगळंच.

केलीचं मला माहीत नव्हतं, ते मान्य करतो. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. खासदारांना नको असलेला नेता टिकत नाही हे खरं, तसं सदस्यांना नको असलेल्या नेत्यासाठी दारोदार फिरायला कोण जाणार?

वराडचो_बाबल्या

मी वराडचो. तुमचा ६५ नि ३५ चलांदे. आमका त्या टक्केवारीचा काय पडला नाय, गावचो झील मोठो झालो ता महत्त्वाचा. २०१९ च्या डिसेंबरात आवशी-बापाशीक घेवन गावात इललो तेव्हा लोकांनी सत्कार केलो, सगळो गाव जमललो. कोव्हनी कोण तो इलो काय कधी?

आणि एक, पेपरवाले तेव्हा वरदकर वरदकर लिहीत होते. वराडकर. वराड. आडनावात गाव आसा ता तरी नीट लिवा.

पेणचा_पाहुणा

बाबल्याने थ्रेड संपवला.

निख्या_कुडाळ

हाहाहा बाबल्या एकदम. पण माझा दुसरा प्रश्न राहिला कोणीतरी सांगा, २०२४ चा. तिथे तर ६५ पण नाही आणि २५ पण नाही, मतदानच नाही.

डब्लिनची_वैशाली

हो ते राहिलंच. मुलीच्या शाळेची सुट्टी त्यामुळे वेळ मिळाला नाही.

२० मार्च २०२४, बुधवार. आम्ही सगळे ऑफिसात, अचानक सगळ्यांचे फोन वाजायला लागले, लिओ सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उभा राहून सांगतोय की मी जातोय. कोणालाही कल्पना नव्हती, म्हणजे खरंच नव्हती. त्याच्या बारा दिवस आधी, ८ मार्चला, घटनादुरुस्तीची दोन सार्वमतं होती, कुटुंबाच्या व्याख्येवर आणि घरातल्या देखभालीवर, दोन्ही सरकार हरलं आणि साधंसुधं नाही, एकात ६८ टक्के विरोधात आणि दुसऱ्यात ७४. लिओने सांगितलं कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत आणि या कामासाठी मी आता सगळ्यात योग्य माणूस राहिलो नाही असं मला वाटतं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. आपल्याकडे त्या वयात युवा नेता म्हणतात.

नियम तेच होते, ६५-२५-१०. पण उभं राहायला संसदेतल्या पक्षातल्या किमान दहा टक्क्यांची सही लागते. आणि एका दिवसात काय झालं तर ज्यांची नावं चर्चेत होती ते सगळे एकामागून एक बाहेर. पास्कल डोनहू नाही म्हणाला, हेलन मॅकेंटी नाही, हेदर हम्फ्रीज नाही, कोव्हनी पण नाही. राहिला सायमन हॅरिस. त्याच्यामागे इतके गेले की दुसऱ्या कोणाला सह्या शिल्लकच राहिल्या नाहीत असं म्हटलं तरी चालेल. रविवारी, २४ मार्चला अर्ज भरायची मुदत संपली आणि अॅथलोनला जाहीर करून टाकलं. बुधवार ते रविवार. ९ एप्रिलला डॉइलमध्ये ८८–६९ ने टीशक, वय ३७, म्हणजे लिओचा सगळ्यात तरुण टीशक असल्याचा विक्रम पण गेला, लिओ ३८ ला झाला होता.

सदस्यांना काय मिळालं तर टीव्हीवर बघायला मिळालं. आमच्या कॉर्कवाल्याने मला तेव्हा विचारलं होतं की २०१७ ला माझं मत कमी किमतीचं होतं तरी होतं ना, आता तेही नाही. त्याचं दुखणं मला पटतं. बरेच टीडी तेव्हा पुढची निवडणूक लढवणारच नव्हते, जाहीर करून बसले होते, म्हणजे जे स्वतः जाणार होते त्यांनी पण नवीन नेता ठरवण्यात हात लावला. पण दुसरी बाजू अशी की स्थानिक निवडणुका जूनमध्ये होत्या, महिनाभर आपसात भांडत बसले असते तर त्या कशा लढवल्या असत्या.

आणि गंमत म्हणजे हा हॅरिस २०१७ ला कोव्हनीच्या बाजूला होता! तरी लिओने त्याला आरोग्यमंत्री म्हणून ठेवला. स्वतः लिओचं पण तसंच, २०१० मध्ये एंडा केनीविरुद्ध रिचर्ड ब्रुटनने हीव्ह केला तेव्हा लिओ ब्रुटनच्या बाजूला, केनी वाचला, आणि पुढच्या वर्षी टीशक झाल्यावर त्याच केनीने लिओला मंत्री केलं. कोव्हनीला पण लिओने उपनेता केलं होतं निकालानंतर. इथे हरलेल्याला जवळ बसवायची पद्धत आहे, नाहीतर तो मागच्या बाकावर बसून उद्योग करतो, गिरगावकरांनी लिहिलंय तसं.

जुना_वाचक_गिरगाव

अगदी. बिनविरोधची तर तिथे आता सवयच झालीये. शिन फेनमध्ये जेरी अॅडम्स १९८३ पासून अध्यक्ष होता, २०१८ ला मेरी लू मॅकडॉनल्ड आली तीही एकटीच उमेदवार. सोशल डेमोक्रॅट्समध्ये २०२३ ला हॉली केर्न्स, बिनविरोध. त्या हिशोबाने २०१७ ची फिन गेलची निवडणूक म्हणजे चक्क लढत झाली, तिचं कौतुकच करायला हवं, ३८५ पट का असेना.

नवीनच_आलोय

मधेच विचारतो, सॉरी. मी जानेवारीत लिमरिकला चाललोय कामाला. आपल्याला तिथे मत देता येतं का?

डब्लिनची_वैशाली

स्थानिक निवडणुकीत येतं, नागरिक नसलात तरी, तिथे राहत असलात आणि यादीत नाव नोंदवलंत की झालं. डॉइलला मात्र नागरिकत्व लागतं (ब्रिटिश चालतात). पत्ता पक्का झाला की पहिलं काम ते करा. मी २०१४ ला मत दिलं तेव्हा मला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, पासपोर्ट भारतीय. उमेदवार स्वतः दारात येतात, छत्री घेऊन, आणि इथे फक्त एकाला शिक्का मारायचा नसतो, पसंतीक्रम टाकायचा असतो १, २, ३. त्यामुळे माणूस हसून म्हणतो की एक नंबर दुसऱ्याला देणार असाल तर दोन नंबर तरी मला द्या. मला आधी वाटलं थट्टा करतोय. नाही, त्या दोन नंबरवर माणसं निवडून येतात.

थंडीचे कपडे तिकडूनच घ्या, इथे महाग पडतात. नाही, उलट सांगितलं, रेनकोट इथलाच घ्या, आपला तिथे तासभर टिकत नाही.

निख्या_कुडाळ

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः वैशालीताई आणि मास्तर. काकांना आज फोन केला, सगळं सांगितलं, ३८५ पण सांगितलं. काका दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, म्हणजे पोराने आधी हिशोब केला आणि मग निवडणूक लढवली, कोकणी माणूस आहे, तो काय आकडा बघितल्याशिवाय उडी मारणार का. आतेभावाला मास्तरांचं ५१.९ पाठवलंय, अजून ब्लू टिक नाही.